कोकम, उपमा आणि फ्लॉइड कार्डोझ



या व्यासपीठावरून आजवर समाजसुधारकांवर बोललं गेलं, गायकांवर, शास्त्रज्ञांवर, क्रिकेटपटूंवरही बोललं गेलं. स्वयंपाक करणाऱ्या माणसावर स्मृतिव्याख्यान ठेवावं असं कार्यकर्त्यांना वाटलं, याचा मला मनापासून आनंद झाला. आपण दिवसातून दोनदा जेवतो, चारदा जेवणाविषयी बोलतो. पण जेवण रांधणाऱ्याच्या आयुष्याविषयी, त्याच्या शिक्षणाविषयी, त्याच्या कष्टांविषयी आपण किती बोलतो?

मी आज फ्लॉइड कार्डोझ यांच्याविषयी बोलणार आहे. जन्म 1960 सालचा, मुंबईतला. कुटुंब मूळ गोव्याचं, ख्रिस्ती. अमेरिकेत गाजलेल्या दूरचित्रवाणी स्पर्धेचा विजेता म्हणून ते जगाला माहीत झाले आणि मार्च 2020 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी, करोनाने गेले. त्या आठवड्यात आपल्याकडे टाळेबंदी जाहीर होत होती. आपण सगळे भेदरलेले होतो, खिडकीतून रिकामे रस्ते पाहत होतो. एरवी मुंबईनं त्यांना मोठा निरोप दिला असता. तो देता आला नाही. आजचं हे बोलणं त्या राहून गेलेल्या निरोपाची थोडी भरपाई आहे, असं मी मानतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. संजीव कपूरांनी 1993 पासून ‘खाना खजाना’मधून घराघरांत जागा मिळवली. ब्रिटनमध्ये त्याच्याही आधी, 1982 साली, दिल्लीत जन्मलेल्या मधुर जाफरींनी बीबीसीवरून इंग्रजांना आपला स्वयंपाक शिकवला. आपल्या मराठीत प्रशांत दामल्यांसोबत ‘आम्ही सारे खवय्ये’ पाहत कितीतरी घरांची दुपार गेली. या सगळ्यांना पडद्यानं घडवलं, निदान मोठं केलं. कार्डोझ यांचं तसं नाही. पडदा त्यांच्या आयुष्यात आला तेव्हा त्यांचं वय पन्नाशीला टेकलं होतं आणि त्यांचं सर्वांत मोठं काम मागं पडलं होतं. म्हणूनच त्यांची कारकीर्द मला बोलण्याजोगी वाटते.

आता त्यांच्या शिक्षणापासून सुरुवात करू.

हा मुलगा जीवरसायनशास्त्र शिकत होता. शास्त्राची पदवी, मग नोकरी, मग स्थिर आयुष्य. हा रस्ता तुमच्या-माझ्या ओळखीचा आहे, नाही का? त्या काळात मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरात, मग ते वांद्र्यातलं असो की गिरगावातलं, मुलानं स्वयंपाकी होणं याला कोणी करिअर म्हणत नव्हतं. मग त्यांच्या हाती आर्थर हेली यांची ‘हॉटेल’ ही कादंबरी पडली. एका मोठ्या हॉटेलातल्या चार-पाच दिवसांची ती कथा. ती वाचून हॉटेलच्या धंद्याकडे वळावं असं त्यांना वाटलं, हे त्यांनी पुढं अनेकदा सांगितलं आहे. माणसाला वाट दाखवायला दर वेळी थोर ग्रंथच लागतो असं नाही. लोकप्रिय कादंबरीही ते काम करते.

इथे थोडं विषयांतर करतो. मुंबईत हॉटेलच्या धंद्याचं रीतसर शिक्षण 1954 साली सुरू झालं, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं. देशातली ती या प्रकारची पहिली संस्था. पुढं ती दादरला आली आणि केटरिंग कॉलेज म्हणून सगळ्यांना ठाऊक झाली. म्हणजे या शहरात ही विद्या शिकवली जात होती, शिकणारेही होते. पण त्या विद्येला समाजात जागा नव्हती. मुलगा केटरिंगला गेला हे वाक्य आपल्याकडे कितीतरी वर्षं दबक्या आवाजात बोललं जायचं.

कार्डोझ मुंबईत हॉटेल व्यवस्थापन शिकले, इथल्या मोठ्या हॉटेलांत उमेदवारी केली आणि पुढच्या शिक्षणासाठी स्वित्झर्लंडमधल्या ल रोश या संस्थेत गेले. 1988 मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले.

त्या वेळचं न्यूयॉर्क डोळ्यांसमोर आणा. भारतीय जेवण म्हणजे मॅनहॅटनच्या सहाव्या रस्त्यावरची एकमेकांना खेटलेली स्वस्त रेस्तराँ. त्यांतली बरीचशी बांगलादेशी मंडळी चालवायची. सगळीकडे जवळपास तोच मेन्यू, तोच लालसर रस्सा, तोच दुपारचा बुफे. त्या मंडळींना मी नावं ठेवत नाही. परक्या देशात पोट भरायला आलेल्या माणसानं गिऱ्हाईक मागेल ते वाढलं, त्यात गैर काही नाही. पण त्या ताटात गोवा नव्हता, कोकण नव्हतं, केरळ नव्हतं. एवढ्या मोठ्या देशाचा स्वयंपाक चार-सहा पदार्थांत कोंबला गेला होता.

कार्डोझ यांनी आधी एका भारतीय रेस्तराँत काम केलं. मग त्यांनी ठरवलं की शिकायचं ते वरच्या दर्जाच्या पाश्चात्त्य स्वयंपाकघरात. सेंट रेजिस हॉटेलात लेस्पिनास नावाचं रेस्तराँ होतं, मुख्य शेफ ग्रे कुन्झ. हा माणूस सिंगापूरचा जन्मलेला, स्वित्झर्लंडमध्ये घडलेला, हाँगकाँगमध्ये काम केलेला. फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकात तो आशियाई मसाले बेतानं वापरायचा. न्यूयॉर्क टाइम्सनं या रेस्तराँला चार तारे दिले होते, म्हणजे सर्वोच्च दर्जा. कार्डोझ तिथं खालच्या जागेवर लागले आणि अनेक वर्षं राबून कुन्झ यांच्या अगदी जवळच्या जबाबदार जागेवर पोचले.

ही वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. का? कारण तिथं त्यांना एक गोष्ट उमगली. चार ताऱ्यांच्या स्वयंपाकघरात वेलदोडा चालतो, चिंच चालते, आलं चालतं. ते वापरणाऱ्याचा हात तयार हवा. अडचण आपल्या मसाल्यांत कधीच नव्हती.

फ्रेंच सॉस हा हाडांच्या, भाज्यांच्या अर्कातून आटवत, गाळत तयार होतो. तो गुळगुळीत असतो. आपला रस्सा वाटणातून येतो, त्याला भरडपणा असतो, वर तेलाचा तवंग असतो. मसाल्याची बरीचशी चव तेलात उतरते, म्हणून आपण फोडणी देतो, म्हणून वाटण तेल सुटेपर्यंत परततो. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, कोणी शिकवलं नव्हतं तरी. युरोपी स्वयंपाकात मात्र कित्येक वर्षं करी पावडर नावाची पूड शेवटी भुरभुरली जायची, कच्चीच. मग मसाला बोचतो, जिभेवर मातीसारखा लागतो आणि खाणारा म्हणतो, भारतीय जेवण जड असतं! कार्डोझ यांनी दोन्ही पद्धती हातात घेतल्या. कोणता मसाला कधी, अख्खा की भरड, कोरडा भाजून की तेलात तडतडवून, हा सगळा विचार त्यांनी माशाच्या पातळ अर्कासाठी केला, भाजलेल्या मांसासाठी केला, अमेरिकी बाजारातल्या ताज्या भाजीसाठी केला. जीवरसायनशास्त्राची ती अर्धीमुर्धी वाट अगदीच वाया गेली नसावी.

आता ‘तबला’.

डॅनी मायर हे न्यूयॉर्कचे फार मोठे रेस्तराँमालक. 1985 मध्ये त्यांनी युनियन स्क्वेअर कॅफे उघडलं. 1998 मध्ये मॅडिसन स्क्वेअरच्या बागेसमोर, एका भव्य जुन्या इमारतीत, त्यांनी शेजारी शेजारी दोन रेस्तराँ सुरू केली. एक इलेव्हन मॅडिसन पार्क, दुसरं तबला. तबलाची सूत्रं कार्डोझ यांच्या हाती होती. 1999 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रूथ रायशल यांनी तबलाला तीन तारे दिले. भारतीय मसाल्यांच्या पायावर उभ्या राहिलेल्या रेस्तराँला असा मान मिळणं ही त्या शहरातली नवी गोष्ट होती.

तबला दुमजली होतं. वरच्या मजल्यावर अमेरिकी बाजारातला हंगामी माल, पाश्चात्त्य मांडणी आणि भारतीय मसाला. खालच्या मजल्यावर ब्रेड बार. तिथं तंदूर धगधगत असायचा, नान-रोट्या निघायच्या आणि त्यांच्यासोबत घरगुती वळणाचे पदार्थ. खेकड्याचे केक पापड आणि चिंचेच्या चटणीसोबत यायचे. लोक त्यासाठी परत परत यायचे.

हे भारतीय आहे का? हा प्रश्न त्यांना सतत विचारला गेला. आपल्यातलेच काही म्हणायचे, हे आपलं जेवण नव्हे. अमेरिकी गिऱ्हाइकांतले काही चिकन टिक्का शोधत यायचे आणि गोंधळायचे. श्रोतेहो, मला या प्रश्नाचं उत्तर गोव्याकडे बघून सापडतं. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, काजू त्यांच्याबरोबर आला, पावही. व्हिनेगर, लसूण आणि डुकराचं मांस घेऊन आलेला पोर्तुगीज पदार्थ गोव्याच्या चुलीवर विंदालू झाला. आज त्याला कोणी परका म्हणेल का? ज्या माणसाचं कुळ चारशे वर्षं असं बाहेरचं घेऊन आपलं करत आलं, त्यानं न्यूयॉर्कच्या खेकड्याला चिंच लावली तर तो आपल्या घराण्याची रीतच पाळत होता. माझं मत विचाराल तर तबला पूर्ण भारतीय होतं, आणि त्यातही मुंबई-गोव्याकडचं होतं.

पण खालच्या मजल्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. लोकांचं प्रेम हळूहळू ब्रेड बारवर अधिक बसलं. वरचं नीटस ताट सगळ्यांना आवडायचं, खालची गरम रोटी आणि आंबट-तिखट रस्सा यांच्यासाठी मात्र जीव ओढायचा. शेवटच्या काळात वरच्या आणि खालच्या मजल्याचा मेन्यू एकच करण्यात आला. मुलाखतींतून कार्डोझ जे सांगत त्यावरून दिसतं की वय वाढलं तसे ते आपल्या घरच्या चवीच्या अधिकाधिक जवळ जात होते. सुरुवातीला हात आखडता घ्यावा लागला होता. पुढं त्याची गरज उरली नाही.

सप्टेंबर 2001 चा हल्ला पचवून तबला उभं राहिलं. पण जागा अवाढव्य होती, खर्च मोठा होता आणि 2008 च्या मंदीनंतर ते गणित बसेना. डिसेंबर 2010 च्या अखेरीस, बारा वर्षांनी, तबला बंद झालं. शेजारचं इलेव्हन मॅडिसन पार्क पुढं जगातल्या नामांकित रेस्तराँत गणलं गेलं. तबला नुसतं आठवणीत उरलं. मला याचं फार वाईट वाटतं.

आणि यानंतर आला पडदा.

अमेरिकेतल्या ब्राव्हो वाहिनीवर ‘टॉप शेफ मास्टर्स’ नावाची स्पर्धा व्हायची. तिच्यात नवखे नसत, नावाजलेले शेफ एकमेकांसमोर उभे राहत आणि जिंकलेली रक्कम एखाद्या सेवाभावी कामाला देत. तिसरं पर्व 2011 सालचं. त्यात कार्डोझ होते, सुवीर सरन हे आणखी एक भारतीय शेफही होते. परीक्षकांत रूथ रायशल होत्या, ज्यांनी बारा वर्षांपूर्वी तबलाला तीन तारे दिले होते.

कार्डोझ अंतिम फेरीत पोचले. समोर ट्रेसी डे जार्डिन आणि मेरी स्यू मिलिकेन, दोघीही कॅलिफोर्नियातल्या मातब्बर. एका पदार्थासाठी सांगितलं होतं की तुमच्या आयुष्यातली खाण्याची पहिली आठवण ताटात आणा. आता विचार करा. समोर कॅमेरे, अमेरिकेतले जाणते समीक्षक, आयुष्यभराची प्रतिष्ठा पणाला. मोठं रेस्तराँ नुकतंच बंद झालेलं. अशा वेळी माणूस काय करील? दुर्मीळ माल काढील, भारी मांस काढील, तंत्राची कसरत दाखवील.

फ्लॉइड कार्डोझ यांनी उपमा केला.

रानातल्या अळंब्या घातलेला उपमा. इटालियन लोक मक्याचं भरड शिजवून पोलेंटा करतात, तसा मऊ, ओलसर. त्यात नारळाचं दूध आणि कोकम. रवा, नारळ, कोकम! आपल्या कोकणातल्या कुठल्याही घराच्या फळीवर सापडतील अशा तीन गोष्टी. याच फेरीत त्यांनी पोह्यांचा थर लावलेला मासाही केला, बडीशेपेच्या अर्कात ठेवलेला. तेच पोहे, ज्यांच्यावर आपल्याकडे लग्नं जुळतात.

ते जिंकले. एक लाख डॉलरची रक्कम त्यांनी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेतल्या, कर्करोगावर काम करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांच्या निधीला दिली.

या उपम्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, मला अध्यक्षांनी क्षमा करावी. कोकमाचं झाड हे आपल्या पश्चिम घाटाचं, कोकण-गोव्याच्या पट्ट्याचं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कोकमाचा आंबटपणा चिंचेसारखा चढत नाही, लिंबासारखा टोचत नाही. नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा तो अलगद कापतो. सोलकढी पिणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. कार्डोझ यांनी तेच सोलकढीचं नातं उपम्यात आणलं आणि अळंब्यांचा रानवट वास त्यावर चढवला. हा विचार चमत्कृतीसाठी केलेला नव्हता. पंचवीस वर्षं मसाला, आंबट आणि स्निग्ध यांचा मेळ घालत बसलेल्या हातातून तो आला होता.

मुलाखतीत चांगलं इंग्रजी बोलून, परदेशी पदार्थाचं नाव घेऊन, आपल्या घरचं झाकून आपण किती वर्षं काढली? पाहुणे आले की उपमा नको, काहीतरी चांगलं कर, असं आपल्या घरांत आजही म्हटलं जातं. उपमा चांगला नाही का? ज्या पदार्थाला आपण न्याहारीत घाईघाईनं संपवतो, तो या माणसानं आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या परीक्षेत पुढं केला. त्याला त्या पदार्थाची लाज वाटली नाही, शंका वाटली नाही.

त्यानंतरचं न्यूयॉर्कमधलं काम मी भराभर सांगतो. 2012 मध्ये मायर यांच्याबरोबरच नॉर्थ एंड ग्रिल. मग 2016 मध्ये सोहो भागात स्वतःचं पाववाला, जे पुढं बॉम्बे ब्रेड बार झालं आणि 2019 मध्ये बंद पडलं. तिथं ते एग्ज केजरीवाल द्यायचे. ही मुंबईच्या विलिंग्डन क्लबमधली न्याहारी, टोस्टवर चीज, मिरची आणि अंडं. 2006 मध्ये ‘वन स्पाइस, टू स्पाइस’ आणि 2016 मध्ये ‘फ्लेवरवाला’ ही त्यांची पुस्तकं आली.

पण मुंबईतलं काम मात्र सावकाश सांगायला हवं.

फेब्रुवारी 2015 मध्ये लोअर परळच्या कमला मिलमध्ये द बॉम्बे कँटीन सुरू झालं. समीर सेठ आणि यश भानगे हे दोन तरुण उद्योजक, स्वयंपाकघरात थॉमस झकारायस, आणि पाठीशी कार्डोझ. ज्या गिरणगावात एके काळी खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी हजारो कामगारांना जेवू घातलं, त्याच गिरणगावात. त्या वेळी मुंबईत पैसेवाल्यांचं रेस्तराँ म्हणजे इटालियन किंवा जपानी. भारतीय म्हणजे बहुतेक उत्तरेकडचं. बॉम्बे कँटीननं हंगामातल्या देशी भाज्या, आपली भरड धान्यं, निरनिराळ्या प्रांतांतले विसरत चाललेले पदार्थ मेन्यूवर आणले. झकारायस गावोगाव हिंडून घरांतून पदार्थ शिकून आले. या स्वयंपाकघरात माल कुठून आला, हे वाढणाऱ्यालाही सांगता यावं अशी शिस्त होती.

2017 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ओ पेद्रो आलं, सरळ गोव्याचं. तिथं पोई हा गोव्याचा पाव आहे, चोरीस हे तिकडचं सॉसेज आहे. मुंबईत जन्मलेला हा गोवेकर तीस वर्षं परदेशात राबून शेवटी आपल्या गोव्याचं नाव घेऊन मुंबईत परतला, असं मी त्याकडे पाहतो. आणि मार्च 2020 मध्ये भायखळ्याला बॉम्बे स्वीट शॉप सुरू झालं, आपल्या मिठाईला नवं रूप देणारं.

त्याच महिन्यात ते मुंबईहून न्यूयॉर्कला परतले, आजारी पडले आणि न्यू जर्सीतल्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. ज्यांच्या हाताखाली ते घडले ते ग्रे कुन्झ त्याच महिन्याच्या सुरुवातीला वारले होते. गुरू आणि शिष्य, तीन आठवड्यांच्या अंतरानं. नेटफ्लिक्सवरच्या ‘अग्ली डिलिशस’चं नवं पर्व तेव्हाच प्रसारित झालं होतं. त्यात भारतीय जेवणाविषयी बोलताना कार्डोझ दिसतात. लोकांनी तो भाग पाहायला सुरुवात केली आणि काही दिवसांत बातमी आली.

त्यांच्या पत्नी बरखा यांनी नंतर त्यांच्या नावाचे मसाले अमेरिकेत आणले. त्यात एक गोव्याचा मसाला आहे.

आता समोर बसलेल्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना एवढंच सांगून थांबतो. तुमच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी ओट्यापाशी घुटमळत असेल, डबे उघडून वास घेत असेल, बारावीनंतर केटरिंगला जातो म्हणत असेल, तर त्याला आधी पदवी घे म्हणून अडवू नका. त्याला वाटण करायला बसवा, रवा भाजायला द्या, कोकम ओळखायला शिकवा. तुम्हाला येणारे पदार्थ मापासकट लिहून त्याच्या हाती द्या. तो माल आपल्याकडे भरपूर आहे आणि शिकवणारी पिढी अजून घरात आहे. हे काम या वर्षीच करा.